पाझरणाऱ्या माठातली वीज

एप्रिल लागला की नगरच्या घराघरांत माळ्यावरचा माठ खाली येतो. रात्रभर पाण्यात भिजवायचा, नारळाच्या शेंडीने बाहेरून पुसायचा, साबण मात्र अजिबात लावायचा नाही, आणि मग वारा येईल अशा खिडकीशी तिवईवर ठेवायचा. दुपारनंतर त्याच्या पोटावरून हात फिरवला तर तळवा ओलसर होतो. वरच्या भागात ओल कमी आणि बुडाकडे जास्त असते. महिनाभर बोअरचं पाणी भरलं की गळ्यापासून खालपर्यंत एक पांढुरकी, खरबरीत खपली धरते. या ओलीकडे आणि या खपलीकडे नीट पाहून ठेवा. या लेखातली सगळी गोष्ट या दोन खुणांभोवती फिरणार आहे.

माठ गार का होतो हे शाळेत आपण शिकलो आहोत. कुंभार मातीत राख, भुसा, घोड्याची लीद कालवतो. भट्टीत हे सगळं जळून जातं आणि त्याच्या जागी बारीक छिद्रं उरतात. आतलं पाणी या छिद्रांतून बाहेर पाझरतं आणि अंगावर येऊन उडून जातं. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते आणि त्यातली बरीचशी माठाच्या अंगातून आणि आतल्या पाण्यातून घेतली जाते. ही उष्णता थोडीथोडकी नाही. एक लिटर पाणी उडून जायला सुमारे 2,400 किलोज्यूल लागतात. विजेच्या भाषेत सांगायचं तर ती पाऊण युनिटापेक्षा थोडी कमी भरते. म्हणजे लिटरभर पाणी उडालेल्या माठाने दिवसभरात जेवढी उष्णता हलवली, तेवढ्यावर छताचा पंखा आठ-नऊ तास सहज फिरेल.

इथे एक प्रश्न पडतो. एवढी उष्णता रोज आपल्या डोळ्यांदेखत ये-जा करते आहे, तर तिच्यातून थोडी वीज काढता येईल का? गेल्या दहा वर्षांत जगभरच्या प्रयोगशाळा या प्रश्नामागे लागल्या आहेत आणि उत्तर ‘हो’ असं आलं आहे. फार थोडी, पण येते. ती कशी येते हे समजून घेताना पुन्हा मातीकडेच यावं लागतं, कारण या विद्येची सुरुवातच मातीपासून झाली.

मॉस्कोत रॉइस नावाच्या शास्त्रज्ञाने ओल्या चिकणमातीत काचेच्या दोन नळ्या खोचल्या, त्यांत पाणी भरलं आणि त्यात बॅटरीची दोन टोकं सोडली. वीज वाहू लागताच मातीतलं पाणी ऋण टोकाच्या नळीकडे सरकलं आणि तिथली पातळी वाढली. हा प्रयोग 1809 साली प्रसिद्ध झाला. पुढे 1859 मध्ये जर्मनीच्या गेओर्ग क्विंके याने उलटं करून पाहिलं. सच्छिद्र पडद्यातून त्याने पाणी दाबाने ढकललं, तर पडद्याच्या दोन बाजूंना विभवांतर, म्हणजे व्होल्टेज, मिळालं. वीज लावली तर मातीतून पाणी चालतं आणि पाणी चालवलं तर वीज मिळते. एकाच नाण्याच्या या दोन बाजू दीडशेहून अधिक वर्षं माहीत होत्या. पण पाणी ढकलायला पंप लागायचा, आणि पंपाला जेवढी वीज लागे तिच्या मानाने मिळणारी वीज नगण्य होती. म्हणून तो विषय पुस्तकातच राहिला.

आता माठाच्या एका छिद्रात शिरू. मातीच्या भिंतीला पाणी लागलं की भिंतीच्या पृष्ठभागावरचे काही हायड्रोजन सुटून पाण्यात जातात आणि भिंतीवर ऋणभार उरतो. पाण्यात विरघळलेले क्षार म्हणजे धन आणि ऋण आयनांची सरमिसळ. भिंत ऋण असल्यामुळे धन आयन तिच्याजवळ गोळा होतात आणि ऋण आयन लांब सारले जातात. भिंतीलगत धन आयनांचा एक पातळ पट्टा तयार होतो. भिंतीवरचा ऋणभार आणि समोरचा हा धन पट्टा मिळून जे होतं त्याला विद्युत दुहेरी थर म्हणतात.

हा पट्टा किती जाड असतो, त्यावर सगळं अवलंबून आहे. जुन्या नगर शहरातली अरुंद बोळ डोळ्यांसमोर आणा. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर माणसं बसली तर बोळ भरूनच जाते, मधे मोकळी जागा उरत नाही. तेवढीच माणसं हमरस्त्याच्या दोन्ही कडांना बसली तर मधला रस्ता रिकामा राहतो. छिद्राचंही असंच आहे. छिद्र पुरेसं बारीक असेल तर दोन्ही भिंतींचे पट्टे एकमेकांना भिडतात आणि आतल्या पाण्यात जवळजवळ फक्त धन आयनच राहतात. मग ते पाणी ज्या दिशेने वाहील त्या दिशेने धनभार वाहून जातो. छिद्र मोठं असेल तर मधल्या पाण्यात धन आणि ऋण सारखेच असतात. ते दोघंही बरोबर वाहतात आणि हाती काही लागत नाही. अतिशय शुद्ध पाण्यात हा पट्टा शंभर नॅनोमीटरच्या घरात जाऊ शकतो. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात तो जेमतेम तीन-चार नॅनोमीटर आणि समुद्राच्या पाण्यात एका नॅनोमीटरपेक्षाही कमी असतो. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. माठाची बहुतेक छिद्रं यापेक्षा कितीतरी मोठी असतात, त्यामुळे तुमच्या घरचा माठ वीजघर नाही. तत्त्व मात्र तेच.

मग पंपाचं काय? पंप म्हणजे बाष्पीभवन. सच्छिद्र पट्टीचं खालचं टोक पाण्यात बुडवा आणि वरचं हवेत ठेवा. दिव्याची वात तेल ओढते तशी पट्टी पाणी वर ओढते. वरच्या भागातून पाणी उडून जातं, त्याची जागा घ्यायला खालून नवं पाणी चढतं, आणि वरती ऊन-वारा आहे तोवर हा उपसा थांबत नाही. कडुनिंबाचं झाड मुळाशी मोटार न लावता शेंड्यापर्यंत पाणी चढवतं ते याच बळावर. चढणारं पाणी सोबत धन आयन घेऊन जातं. वरचा भाग धन होतो, खालचा ऋण राहतो. दोन्हीकडे कार्बनसारख्या पदार्थाची टोकं जोडून मधे तार लावली की तारेतून वीज वाहते.

हे स्वच्छपणे दाखवून दिलं 2017 मध्ये चीनच्या संशोधकांनी. वुहानचे जुन झोउ आणि नानजिंगचे वानलिन गुओ यांच्या गटांनी त्यासाठी काय वापरावं? काजळी. ज्योतीवर काच धरून जमवलेली काजळी, आपल्याकडे बाळाच्या डोळ्यांसाठी तव्यावर धरायचे तशीच. साध्या काजळीवर पाणी टिकत नाही, थेंब घरंगळून जातो. म्हणून तिच्यावर प्रक्रिया करून तिला पाणी ओढणारी बनवलं. काजळीचे कण नॅनोमीटरच्या मापाचे असल्याने त्यांच्यामधल्या फटीही त्याच मापाच्या. दोन-तीन सेंटिमीटरची ती पट्टी पाण्यात उभी केली आणि साध्या खोलीतल्या हवेत एक व्होल्टपर्यंत विभवांतर मिळालं. तेही पाणी असेतोवर सतत. पट्टी झाकून हवा बंद केली की व्होल्टेज खाली येई, वारा घातला की चढे. वीज बाष्पीभवनातून येते आहे याचा यापेक्षा साधा पुरावा नाही. प्रवाह मात्र नॅनोअँपिअरमध्ये, म्हणजे अँपिअरच्या अब्जांश भागांत मोजावा लागला. पुढच्याच वर्षी या साऱ्या शाखेला ‘हायड्रोव्होल्टाइक’ हे नाव रूढ झालं.

सूर्याचं काम इथे सुरू होतं. काळा सच्छिद्र थर ऊन पितो आणि पृष्ठभागावरचंच पाणी तापवतो, खालचा साठा थंड राहतो. अमेरिकेच्या एमआयटीत 2014 मध्ये ग्राफाइट आणि कार्बन फेसाचा असा दुपदरी तुकडा पाण्यावर तरंगवला गेला. दहापट एकवटलेल्या उन्हात त्याने आलेल्या ऊर्जेपैकी 85 टक्के ऊर्जा वाफ करण्यात लावली. आपल्या जिल्ह्यात ऊन आणि वाफ म्हटलं की शिर्डीच आठवते. साईबाबा संस्थानच्या प्रसादालयावर 2009 मध्ये 73 मोठ्या सौर तबकड्या बसल्या. त्या ऊन एका जागी गोळा करून पाणी उकळतात आणि त्या वाफेवर हजारो भक्तांचा स्वयंपाक होतो. तिथे वाफेचा दाब आणि उष्णता वापरली जाते, म्हणून पाणी शंभर अंशांपुढे न्यावं लागतं. काजळीच्या पट्टीला उकळी लागत नाही. तिला पाणी नुसतं सुकायला हवं. ऊन असलं तर ते लवकर सुकतं, नसलं तरी कोरडा वारा पुरतो.

भारतातही हे काम झालं आहे, आणि एक प्रयोग मला फार आवडतो. आयआयटी खरगपूरमध्ये प्राध्यापक सुमन चक्रवर्ती यांच्या गटाने 2019 मध्ये वाळत घातलेल्या कपड्यांतून वीज काढली. सुती धाग्याच्या आत बारीक वाहिन्या असतात, त्यांतून ओल सरकते आणि धागा सुकतो, म्हणजे माठाचंच तत्त्व. एका दूरच्या खेड्यात परटांनी वाळत घातलेल्या सुमारे 50 कपड्यांना त्यांनी तारा जोडल्या. सुमारे चोवीस तासांत एक सुपरकपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा घटक, 10 व्होल्टपर्यंत भरला आणि त्यावर पांढरा एलईडी दिवा तासाभराहून जास्त वेळ जळला. पन्नास कपडे, एक दिवस, एक छोटा दिवा. हे प्रमाण लक्षात ठेवा. अलीकडे, 2025 मध्ये, आयआयटी इंदूरच्या धीरेंद्र राय यांच्या गटाने ग्राफीन ऑक्साइड आणि जस्ताचं एक संयुग यांचा पडदा बनवला. 3 बाय 2 सेंटिमीटरच्या त्या तुकड्यातून 0.75 व्होल्टपर्यंत मिळालं. जामखेड तालुक्यातल्या चौंडीची लेक अहिल्याबाई ज्या होळकरांच्या घरात गेली आणि जिचं नाव आज आपल्या जिल्ह्याला आहे, त्या घराण्याच्या इंदुरात हे झालं, याचं मला नगरकर म्हणून कौतुक वाटतं.

आता हिशेब मांडू, कारण कौतुकाच्या भरात तो राहून जातो. तीस मीटर बाय तीस मीटरचं शेततळं धरा, जसं पारनेर-पाथर्डीच्या माळावर डाळिंबाच्या नाहीतर संत्र्याच्या बागेशेजारी दिसतं. उन्हाळ्यात दिवसाला 8 मिलिमीटर पाणी उडतं असं मानू. म्हणजे 7,200 लिटर, मोठ्या टँकरच्या पाऊण भागाएवढं पाणी रोज हवेत गेलं. त्यासाठी लागलेली उष्णता जवळजवळ 4,800 युनिटांएवढी होते. आकडा ऐकून डोळे विस्फारतात. पण उष्णता आणि काम यांत फरक आहे. कोमट पाण्याच्या टाकीत उष्णता भरपूर असते, तिच्यावर इंजिन मात्र चालत नाही.

उडणाऱ्या पाण्यातून जास्तीत जास्त किती काम मिळेल हे हवा किती कोरडी आहे यावर ठरतं. हवेत आर्द्रता 30 टक्के असेल तर एक लिटर पाणी उडताना निसर्गनियमाप्रमाणे जास्तीत जास्त सुमारे 170 किलोज्यूल काम देऊ शकतं. म्हणजे लागलेल्या उष्णतेच्या सात टक्के. तरी हे कमी समजू नका. एवढ्या कामात तेच लिटरभर पाणी 17 किलोमीटर उंच उचललं जाईल, म्हणजे अकोले तालुक्यातल्या 1,646 मीटर उंच कळसूबाईच्या दहापट. आता हेच रत्नागिरीत करून पाहा, जिथे पावसाळ्याच्या तोंडाशी आर्द्रता 80 टक्के असते. तिथे हा आकडा 31 किलोज्यूलवर येतो. नगरच्या कोरड्या हवेत पाण्याच्या प्रत्येक लिटरमागे कोकणाच्या पाचपटीहून जास्त काम दडलेलं आहे. आपला माठ गार होतो आणि कोकणातला तितका होत नाही, त्याचं कारणही हेच. पर्जन्यछायेचा जिल्हा म्हणून आपण कायम आपल्या हवेला दोष देत आलो. या एका बाबतीत ती श्रीमंत आहे.

शेततळ्याच्या हिशेबाला परत येऊ. 7,200 लिटरांतून आदर्श यंत्राने, जे अजून कुणी बनवलेलं नाही, दिवसाला सुमारे 340 युनिट निघतील. चौरस मीटरला ते 0.38 युनिटांच्या आसपास पडतं. तेवढ्याच जागेत आजचं साधं सौर पॅनेल आपल्या उन्हात दिवसाला एक युनिटाच्या आगेमागे देतं, तेही बाजारातून आणून. म्हणजे बाष्पीभवनाचं सर्वांत परिपूर्ण यंत्र आजच्या पॅनेलच्या तिसऱ्या हिश्श्याएवढंच असेल. आणि आज प्रयोगशाळेत जे मिळतं ते त्या परिपूर्ण आकड्याच्या कुठल्या कुठे खाली आहे. एकच गोष्ट पॅनेलला जमत नाही: रात्र. सूर्य मावळला तरी वारा कोरडा असतो, पाणी उडत राहतं आणि पट्टी चालत राहते.

कमी वीज मिळण्याची कारणंही माठच सांगतो. त्याच्या अंगावरची ती पांढरी खपली आठवा. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. आपल्या बोअरचं पाणी जड, त्यात चुना आणि मॅग्नेशियम भरपूर. माठ दोन-तीन उन्हाळे वापरला की छिद्रं बुजतात, पाझर कमी होतो, पाणी पूर्वीसारखं गार होत नाही आणि आपण नवा माठ आणतो. नॅनोमीटरच्या छिद्रांची पट्टी तर किती लवकर बुजेल. शिवाय पाणी जड असेल तर वर सांगितलेला आयनांचा पट्टाही आक्रसतो. दुहेरी नुकसान. स्वित्झर्लंडच्या इपीएफएलमध्ये जुलिया तालियाबुए यांचा गट म्हणूनच सिलिकॉनचे सूक्ष्म खांब ओळीने उभे करून, क्षारांचं प्रमाण बदलत गेलं की वीज कशी बदलते हे तपासतो आहे. दुसरी अडचण मोजमापाची. टोकाला धातू जोडला तर तो धातू स्वतःच गंजतो आणि बॅटरीसारखी वीज देतो. ती वीज बाष्पीभवनाच्या नावावर जमा होण्याचा धोका या क्षेत्रात कायम असतो. कुणी मोठा आकडा सांगितला तर ‘टोकं कशाची होती?’ हा पहिला प्रश्न विचारावा.

एक वेगळी वाटही आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ओझगुर साहिन यांनी मातीत सापडणाऱ्या बॅसिलस जिवाणूंचे बीजाणू वापरले. ते ओल लागली की फुगतात, सुकले की आकसतात. त्यांच्या पट्ट्यांवर 2015 मध्ये शंभर ग्रॅम वजनाची छोटी गाडी पळाली. 2017 मध्ये त्याच गटाने अंदाज मांडला की अमेरिकेतल्या जलाशयांवर, मोठी पंचसरोवरं सोडून, अशी यंत्रं पसरली तर कागदावर 325 गिगावॉटपर्यंत वीज निघू शकेल, आणि त्यासोबत उडून जाणाऱ्या पाण्याचा जवळजवळ निम्मा हिस्सा वाचेल. यातला दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

शेवगाव आणि नेवासा तालुक्यांच्या कडेला जायकवाडीचा नाथसागर पसरला आहे. पूर्ण भरला की त्याचा पृष्ठभाग सुमारे 350 चौरस किलोमीटर. उथळ आणि रुंद, म्हणून बाष्पीभवनाला मोकळं रान. इतक्या पृष्ठभागावरून दिवसाला 8 मिलिमीटर उडालं तर ते 280 कोटी लिटर होतं. दहा दिवसांत एक टीएमसी. मे महिन्यात जलाशय आटलेला असतो, त्यामुळे प्रत्यक्षातला तोटा कमी असतो, पण अदमास यावरून येतो. वरच्या धरणांतून जायकवाडीला एकेक टीएमसी सोडण्यावरून नगर-नाशिक आणि मराठवाडा यांच्यात वर्षानुवर्षं वाद होतो, कोर्टकचेऱ्या होतात. तो टीएमसी नदीतून येताना सगळ्यांना दिसतो, हवेत जाताना कुणाला दिसत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. आज कुणी ‘बाष्पीभवनावर चालणारं वीजयंत्र’ तुमच्या शेतासाठी विकायला आलं तर पैसे देऊ नका. असं यंत्र अजून नाही. शेततळं असेल तर आधी त्यावर आच्छादन टाका, कडेने वारा अडवणारी झाडं लावा. त्यातून वाचणारं पाणी या विजेपेक्षा कितीतरी मोलाचं आहे. या विद्येचा पहिला खरा उपयोग मला जमिनीतला ओलावा किंवा हवेची आर्द्रता मोजणाऱ्या लहान उपकरणांत दिसतो. त्यांना वीज अगदी थोडी लागते, रात्रंदिवस लागते, आणि दर काही महिन्यांनी सेल बदलायला कुणाला सवड नसते. फळबागेत ठिबकचा वेळ ठरवायला असं उपकरण फार कामाचं ठरेल.

शिक्षकांसाठी एक विनंती आहे. हा प्रयोग शाळेत करता येण्याजोगा आहे. सुती कापडाची बोटभर रुंद पट्टी चित्रकलेच्या काळ्या शाईत बुडवून पूर्ण वाळवा. दोन्ही टोकांना एकाच पेन्सिलीच्या शिशाचे दोन तुकडे बांधा. धातूची चिमटी ओल्या भागाला लागू देऊ नका. खालचं टोक पिण्याच्या पाण्यात सोडा आणि मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवा. पाणी वर चढेपर्यंत थांबा, आकडा स्थिर होऊ द्या. मग पट्टीवर काचेची बरणी पालथी घाला, थोड्या वेळाने काढा, पंखा लावा, मग उन्हात न्या. प्रत्येक वेळी आकडा, तापमान आणि वेळ वहीत लिहा. हेच आधी शुद्ध पाण्याने, मग बोअरच्या पाण्याने करा आणि दोन्ही तक्ते शेजारी ठेवा. अकोल्यात, जामखेडमध्ये आणि शेवगावात एकाच दिवशी केलेल्या नोंदी एकमेकांना पाठवा. मे महिन्याची दुपार त्यासाठी सर्वांत चांगली.